लाकूड मोडण्याच्या कामात करिअर कुठे आहे?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. वनविद्येच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या मुलीने कोवळ्या झाडांच्या लाकडाची यांत्रिक ताकद तपासण्याचा प्रकल्प निवडला आहे आणि "सहा महिने काठ्या मोडून तिच्या हाती काय लागणार?" असे आपण विचारले आहे. प्रश्न रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही तसेच देतो.

यंत्रावर नमुना मोडायला दोन-चार मिनिटे पुरतात, आणि तो कडकन आवाज ऐकून प्रयोगशाळा पाहायला आलेले पाहुणे खूश होतात. खरे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. झाडाच्या पहिल्या काही वर्षांत खोडाच्या मध्याभोवती जे लाकूड तयार होते, त्याच्या पेशीभित्तिकांमधील सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू उभ्या दिशेपासून बरेच कललेले असतात. त्यामुळे ते प्रौढ लाकडापेक्षा कमी ताठ असते आणि वाळताना लांबीतही अधिक आकसते. लागवडीतील झाड जितके लवकर तोडावे, तितका त्याच्या फळ्यांमध्ये या लाकडाचा वाटा जास्त असतो. ते कोणत्या कामाला चालेल, हे कोणीतरी मोजूनच सांगावे लागते.

बारीक खोडातून २० मिलिमीटर चौरस छेदाची, ३०० मिलिमीटर लांबीची, बिनगाठीची आणि सरळ रेषांची पट्टी मिळवणे हीच पहिली कसोटी ठरते. मग ती २० अंश सेल्सिअस तापमानात आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवली, की लाकडातला ओलावा सुमारे १२ टक्क्यांवर येतो. ही घाई केली तर ओलसर नमुना कमजोर भरतो आणि खापर झाडावर फुटते. वाक चाचणीतून, म्हणजे टोकांवर टेकवलेली पट्टी मध्ये दाबून वाकवण्याच्या चाचणीतून, ताठपणा काढताना जाडीचा घन घ्यावा लागतो, म्हणून १९ मिलिमीटरची पट्टी २० ची समजून गणित केल्यास उत्तर तब्बल १४ टक्क्यांनी कमी येते. शिवाय एकाच झाडाचे दहा नमुने म्हणजे दहा झाडे नव्हेत, हे संख्याशास्त्र तिला इथेच नीट कळेल.

केवळ लाकूड तपासण्यासाठी निघणारी पदे थोडी असतात, हे लपवत नाही. तथापि लाकडाची प्रतवारी, प्लायवूड आणि फर्निचर उद्योगातील गुणवत्ता तपासणी, तसेच वृक्षसुधारणा (चांगल्या गुणांची झाडे निवडून त्यांची पैदास करणे) या क्षेत्रांत हीच शिस्त उपयोगी पडते. वृक्षसुधारणेत तर उभे झाड न तोडता त्यातून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग मोजून ताठपणाचा अंदाज घेतात, कारण घनतेला वेगाच्या वर्गाने गुणले की तो आकडा हाती येतो. पुढे पदार्थविज्ञानाकडे वळायचे झाल्यास हा अनुभव वाया जाणार नाही.

माझे मत प्रकल्प घ्यावा असे आहे, मात्र होकार देण्यापूर्वी तिने मार्गदर्शकांना विचारावे की नमुने किती झाडांचे असतील, ते तिला स्वतः तयार करता येतील का आणि आकड्यांचे विश्लेषण तिच्याकडे राहील का. यंत्रात पट्ट्या ठेवणे एवढेच काम तिच्या वाट्याला येणार असेल, तर दुसरा प्रकल्प पाहावा.