खाली करपतो, वर कणी राहते

प्रश्न : चिकन, कोळंबी आणि तांदूळ एकाच पसरट भांड्यात शिजवते. खालचा भात करपतो, वरच्यात कणी राहते, कोळंबी रबरासारखी होते. काय चुकतं?

उत्तर : सगळं एकदम घालणं, हीच मुख्य चूक. चिकन आधी तेलात लालसर परतून अर्ध्याहून जास्त शिजवा; नाहीतर त्याचं पाणी मागाहून सुटतं आणि मापच बिघडतं. लांब दाण्याचा तांदूळ 20 मिनिटं भिजवून निथळा, 2 मिनिटं हलक्या हाताने परता. 1 वाटी तांदळाला दीड वाटी उकळता रस्सा. तो चाखून पाहा, किंचित खारट लागायला हवा, कारण भात मीठ ओढून घेतो. मग घट्ट झाकण, मंद आच, 10 मिनिटं. ढवळलंत तर दाणे मोडून चिकट होतात. भांडं बर्नरपेक्षा बरंच मोठं असेल तर खाली जाड तवा ठेवाच.

भातावर छिद्रं दिसली की कोळंबी वर पसरून झाका. 3 मिनिटांत ती गुलाबी व्हायला लागते. तेवढ्यावरच गॅस बंद. पुढची 10 मिनिटं झाकण उघडू नका, कोंडलेल्या वाफेवर कोळंबी शिजते आणि वरची कणीही जिरते. कोळंबी गच्च गोल वळली असेल तर ती जास्त शिजली.