पुण्यात १,२०० चौरस फुटांच्या गाळ्यात हॉटेल काढायचंय. इंटिरियरचं काम नेमकं कुठून सुरू होतं?

तुम्ही लिहिलंय की कर्वेनगरला गाळा बघून ठेवलाय, सकाळी मिसळ आणि दुपारी थाळी चालवायचीय, भिंतींचे आणि दिव्यांचे शंभरेक फोटो जमवलेत, आणि पुढच्या आठवड्यात भाडेकरार झाला की डिझायनर शोधणार आहात. माझी कळकळीची विनंती आहे, हा क्रम उलटा करा. सही करण्याआधी हॉटेलांची कामं केलेल्या एखाद्या डिझायनरला तासभर गाळ्यावर न्या. त्या भेटीचे वेगळे पैसे मागितले तरी द्या.

मी सतरा वर्षं पुण्यात हॉटेलं, दुकानं आणि दवाखान्यांची इंटिरियर करते. नव्या गाळ्यात शिरले की मी आधी मागच्या बाजूला जाते आणि धूर कुठून बाहेर जाणार ते शोधते. रंग, दिवे, खुर्च्या वर्षभराने बदलता येतात. धुराची वाट चुकली तर तो गाळाच चुकलेला असतो.

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक बाणेरला होतं. खाली गाळे, वर पाच मजले फ्लॅट. मालकाने करार करून किल्ल्या हातात दिल्या आणि मी थेट आराखड्याला बसले. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याचा, डक्ट (पत्र्याची मोठी नळी) मागच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत नेऊ, असं आम्ही धरून चाललो होतो. सोसायटीने परवानगी नाकारली. त्यांचंही बरोबर होतं, डक्ट दोन बेडरूमच्या खिडक्यांना खेटून जाणार होता. शेवटी धूर पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली सोडला. हॉटेल सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील, पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि काही न बोलता वाळत घातलेल्या साडीचा पदर माझ्या हातात दिला. त्याला फोडणीचा वास येत होता आणि बोटांना तेल लागत होतं. मग धूर गाळणारं यंत्र बसवलं. त्यासाठी भटारखाना महिनाभर बंद राहिला, आणि भाडं, पगार मालकाने खिशातून भरले. तेव्हापासून सोसायटीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय मी कागदावर रेघ ओढत नाही.

धुराबरोबर हवेचाही हिशेब येतो, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. हूड, म्हणजे शेगडीवरचं धूर गोळा करणारं छत्र, शेगडीच्या कडांपेक्षा निदान ६ इंच बाहेर हवा. एक्झॉस्ट जेवढी हवा ओढतो त्याच्या साधारण ८० टक्के ताजी हवा भटारखान्यात परत सोडावी लागते. ती सोय नसेल तर पंखा हॉलमधली एसीची गार हवा ओढून बाहेर फेकतो, आणि तुम्ही रस्ता गार करण्याचं बिल भरत बसता. उरलेले २० टक्के मुद्दाम कमी ठेवायचे. त्यामुळे हवा हॉलकडून भटारखान्याकडे वाहते आणि मिरचीचा ठसका गिऱ्हाइकांपर्यंत पोचत नाही.

त्यानंतर सांडपाणी बघायचं. तुमच्याकडे मिसळ म्हणजे तर्री, म्हणजे भांड्यांना तेल. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी, नसला तर डिसेंबरात थंडी पडली की पाइपात तेल-तूप थिजतं आणि अख्ख्या इमारतीची लाइन तुंबते. भटारखान्याच्या जमिनीला मोरीकडे उतार हवा, १०० ला १ धरा. खालचा स्लॅब खोल घेतलेला नसेल तर जमीन पाच-सहा इंच वर उचलावी लागते. म्हणून गाळ्याची उंची टेपने मोजा, मालकाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. आणि ते १,२०० बिल्टअप (भिंती धरून) आहेत की कार्पेट (आतली वापरायची जागा), हेही विचारा. महावितरणकडे मंजूर लोड किती आहे ते वीजबिलावर दिसतं. एसी, डीप फ्रीझर, मिक्सर-ग्राइंडर सगळं धरून २५ किलोवॅट सहज लागतील, आणि लोड वाढवून घ्यायला वेळ जातो. पुढच्या किंवा बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती सोडलेल्या जागेत, टेबलं टाकायचा विचार मनात असेल तर काढून टाका. ती जागा मोकळीच ठेवायची असते, आणि महापालिकेची कारवाई झाली की तेवढी टेबलं एका दिवसात जातात.

आता आखणी. खरे १,२०० कार्पेट धरले तर भांडी घासायची जागा आणि कोठार धरून भटारखान्याला ४०० तरी द्या. स्वच्छतागृह, गल्ला, हात धुवायची जागा यांना सवाशे. उरले पावणेसातशे. माणशी १५ चौरस फूट धरले तर ४५ माणसं बसतात. मालक साठ खुर्च्या मागतात, आणि त्या कागदावर बसवूनही दाखवता येतात. म्हणून मी कागदावर भांडत नाही. गाळा रिकामा असतानाच फक्कीने जमिनीवर टेबलं, खुर्च्या, गल्ला आखते. खुर्च्यांच्या जागी मिस्त्रीलोक पाटावर बसतात, आणि मालकाने हातात भरलेला ट्रे घेऊन भटारखान्याच्या दारापासून शेवटच्या टेबलापर्यंत जायचं. ३६ इंचांची वाट २४ इंचांवर आली की काय होतं ते तेव्हा कळतं. एकदा अशाच चाचणीत मालकांनीच तीन टेबलं फक्की पुसून काढली होती.

याच वेळी देवाची जागा आणि वास्तू यांबद्दल घरच्यांचं जे काही म्हणणं असेल ते सांगून टाका. भटारखाना आग्नेयेला हवा असेल तर ते पहिल्या बैठकीत कळायला हवं. प्लंबिंग झाल्यावर कळलं तर तोडफोड ठरलेली. थाळीवाल्यांकडे बेसिनही विचार करून बसवावं लागतं. जेवून उठलेला माणूस ओले हात घेऊन दुसऱ्याच्या ताटाजवळून जाऊ नये. तसंच उष्टी भांडी आणि तयार ताटं यांची वाट एकमेकींना छेदू नये. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांतली अनुसूची ४ स्वच्छतेबद्दलच आहे, ती एकदा शांतपणे वाचा.

आखणी पक्की झाली की पाणी, वीज, एसी आणि गॅस यांची वेगवेगळी ड्रॉइंग निघतात, मग बीओक्यू, म्हणजे प्रत्येक कामाचं माप आणि दर लिहिलेली यादी. तीन ठेकेदारांना तीच यादी द्या, नाहीतर दरांची तुलनाच होत नाही. प्लाय ‘चांगला’ असं लिहू नका. ओल्या जागी आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) असं लिहा आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल आला की शिक्का स्वतः बघा. स्टीलच्या ओट्यांसाठी ३०४ ग्रेड. चुंबक चिकटलं नाही की ते ३०४, असं सर्रास सांगतात, पण स्वस्त २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचं सगळं यश एका लाल रंगावर आहे. मी गिऱ्हाइकाला घेऊन बसते तेव्हा मिसळीची एक वाटी आणि दोन दिवे ठेवते. ६,५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) साधा पांढरा दिवा लावला की तर्री मळकट, विटकरी दिसते आणि फरसाण शिळं वाटतं. ३,००० केल्विनचा, सीआरआय ९० च्या वरचा दिवा लावला की तीच वाटी जिवंत होते. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तापकीर गल्लीत दिवे घ्यायला जाल तेव्हा वॅटबरोबर हे दोन आकडे विचारा. भटारखान्यात मात्र भरपूर पांढरा उजेड हवा, तिथे तांदळातला खडा दिसला पाहिजे.

आवाजाचा विचार तर फोटोंत दिसूच शकत नाही. टाइल्स, काच, जिप्समचं सीलिंग, सगळं कडक, आवाज परतवणारं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचंही चढवतं, आणि रविवारी सकाळी आजोबांना नातवाचं बोलणं ऐकू येत नाही. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. घुमली तर सीलिंगचा निदान काही भाग आवाज शोषणारा घ्या. तो खर्च मी कधीच कापू देत नाही.

दुसरा न कापायचा खर्च म्हणजे आगीपासूनची व्यवस्था. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले, बरेचसे धुरात गुदमरून. मागचं दार सिलिंडर आणि कांद्याच्या पोत्यांनी अडवायचं नाही. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी ठेवा.

वेळेचं म्हणाल तर माझ्या अनुभवात एवढ्या कामाला ड्रॉइंगचे पाच आठवडे आणि जागेवरचे नऊ-दहा लागतात. त्यामुळे करारातच दोन महिने बिनभाड्याचे मागा. काम संपल्यावर उद्घाटनाआधी दोन दिवस घरच्या मंडळींना बोलवून पूर्ण वेगाने जेवण वाढा आणि राहिलेल्या गोष्टींची यादी करा: न बसणारं दार, कुठे साठणारं पाणी, डोळ्यांवर येणारा दिवा. ठेकेदाराचे शेवटचे दहा टक्के ती यादी संपेपर्यंत हातात ठेवा.

फोटो टाकून देऊ नका, त्यांतून तुमची आवड कळते. पण गाळ्याच्या मागच्या भिंतीचा, वर गच्चीपर्यंत काय काय आहे ते दिसेल असा एक फोटो काढा, आतली उंची मोजा, वीजबिलावरचा लोड बघा आणि हे तिन्ही इथे कळवा. करार व्हायच्या आत मी उत्तर देईन.