डोळा कशावर, नजर कशाची?

प्रश्न : नोकरीच्या अर्जात मी ‘आय हॅव अ शार्प आइज ऑन डीटेल्स’ असं लिहिलं. बारीकसारीक गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत, असं मला म्हणायचं होतं. मैत्रीण म्हणते हे चुकलंय, पण काय चुकलं ते तिलाही सांगता येईना.

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. लिहायचं असं : ‘आय हॅव अ शार्प आय फॉर डीटेल’. इथे डोळा एकच. हा डोळा म्हणजे पारख, म्हणून तो एकवचनीच येतो. शिवाय ‘अ’ लावल्यावर ‘आइज’ बसतच नाही. ‘डीटेल’लाही या वाक्प्रचारात ‘एस’ लागत नाही. ‘शार्प’ऐवजी ‘गुड’ किंवा ‘कीन’ चालेल.

पण सगळ्यात सावध राहायचं ते ‘ऑन’ वापरताना. मी अनेक वर्षं मुद्रितशोधन केलं. एकदा एका हिशेबनिसाचं शिफारसपत्र तपासायला आलं होतं. त्यात होतं, ‘ही ऑलवेज हॅड हिज आय ऑन द कॅश’. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, की हा माणूस रोकड डोळ्यात तेल घालून सांभाळायचा. वाचणाऱ्याला मात्र वाटलं असतं, की याचा पैशावर डोळा होता! आपल्या मराठीतही ‘नजर ठेवणे’ वेगळं आणि ‘डोळा असणे’ वेगळं, तसंच हे. मी तिथे ‘केप्ट अ क्लोज आय ऑन’ केलं. एका प्रामाणिक माणसाच्या नावावर तसलं वाक्य जाता जाता राहिलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

म्हणजे ‘कीप अॅन आय ऑन’ हे समोर असलेल्या गोष्टीवर लक्ष ठेवण्यासाठी : दूध उतू जाऊ नये म्हणून, मूल पडू नये म्हणून. जे अजून दिसलेलं नाही, पण दिसेल म्हणून आपण सावध आहोत, त्याला ‘कीप अॅन आय आउट फॉर’. छपाईतल्या चुका मी अशाच शोधायचे. यातला ‘आउट’ लोक सर्रास गाळतात, गाळू नका.

‘कीप युवर आइज पील्ड’मध्ये (डोळे उघडे ठेवून पाहत राहा) मात्र दोन्ही डोळे येतात, पण ते बोलण्यातलं, अर्जात नको. आणि ‘ईगल-आइड’, म्हणजे गरुडासारख्या तीक्ष्ण नजरेचा, असं लिहिताना मधली छोटी रेघ विसरू नका.

एक आग्रहाचं सांगणं. ‘आय फॉर डीटेल’ अर्जाअर्जांत असतं, वाचणारा त्यावरून पुढे सरकतो. त्याच्या शेजारी तुम्ही पकडलेली एक खरी चूक लिहा. उदाहरणार्थ, ‘आय स्पॉटेड अ ड्युप्लिकेट इन्व्हॉइस बिफोर इट वॉज पेड’. तुमच्याकडे असा प्रसंग असणारच. तो इंग्रजीत लिहून मला पाठवा, मी तपासून देते.