भिंतींआधी खुर्च्या

अगं, पहिलंच प्रदर्शन मांडतेयस ना, मग भिंतींआधी खुर्च्या मोज. आपले बहुतेक चित्रकार सत्तरीपुढचे, बघायला येणारेही तसेच. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, पाट्या ठळक टाइपात. जलरंग आणि जुन्या गोधड्या उन्हाच्या खिडकीसमोर नकोतच, रंग उडतो. (मी एकदा लावल्या होत्या, अजून बोलणी खाते.)

पाटीवर नुसतं 'वारली चित्र' लिहून मोकळी होऊ नकोस. वारल्यांकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, परंपरेने सवाशिणीच लिहीत आल्या, तांदळाच्या पिठाने. त्यांची नावं मात्र क्वचितच कुणी टिपली. म्हणून प्रत्येकीला पूर्ण नाव विचार, माहेरचंसुद्धा. आणि घरचे जुने फोटो स्कॅन करून त्याच दिवशी परत दे.