क्रोन्सचा जनुकीय अभ्यास आणि हिस्पॅनिक रुग्ण

प्रश्न : आमचे जावई लॉस एंजेलिसमध्ये वाढले, त्यांचे आईवडील मेक्सिकोतून तेथे स्थायिक झालेले. त्यांना क्रोन्सचा विकार, म्हणजे आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाह, आहे. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, रुग्णांच्या जनुकीय अभ्यासासाठी रक्त द्याल का, अशी विचारणा त्यांना झाली आहे. आजार एकच असताना एका समाजाचा वेगळा अभ्यास कशासाठी, आणि रक्त देण्यात काही धोका आहे का?

उत्तर : आजार एकच आहे, हे खरे, मात्र त्याविषयीची जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांकडून गोळा झालेली आहे. क्रोन्सशी निगडित असलेला नॉड-2 या जनुकातील बिघाड 2001 मध्ये उघडकीस आला आणि त्यानंतर आतड्यांच्या दाहविकारांशी संबंध असलेल्या दोनशेहून अधिक जागा आपल्या गुणसूत्रांवर सापडल्या. पण नॉड-2 मधले जे बदल युरोपीय रुग्णांत वारंवार दिसतात, ते पूर्व आशियातील रुग्णांत जवळपास आढळतच नाहीत. म्हणजे एका समाजावरून काढलेला जोखमीचा अंदाज दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

हिस्पॅनिक लोकांत युरोपीय, अमेरिकेतील मूळनिवासी आणि आफ्रिकी अशा तीन वंशधारा मिसळलेल्या असतात, आणि त्यांचे प्रमाण मेक्सिकन कुटुंबात वेगळे, पोर्तोरिकोच्या कुटुंबात वेगळे असते. गुणसूत्राचा कोणता तुकडा कोणत्या धारेकडून आला हे आज तपासता येते. त्यामुळे एखाद्या धारेचा तुकडा रुग्णांमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त दिसला, तर शोध नेमका तेथे घेता येतो. अर्थात सगळा दोष जनुकांवर टाकणे मला पटत नाही. परदेशातून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना हा आजार जडतो, तेव्हा आहार आणि परिसर यांचाही विचार करावाच लागतो.

रक्त देण्यात शारीरिक धोका नगण्य आहे. खासगीपणाबाबत सांगायचे तर, जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा किंवा नोकरी यांत भेदभाव करण्यास अमेरिकेत 2008 च्या कायद्याने बंदी आहे. आयुर्विम्याला मात्र तो कायदा लागू नाही, म्हणून संमतीपत्र नीट वाचूनच सही करावी.

एक गोष्ट मात्र संशोधनाच्या निकालाची वाट न पाहता करण्याजोगी आहे. क्रोन्सच्या उपचारांत अझाथायोप्रिन हे औषध पुष्कळदा दिले जाते. एनयूडीटी-15 या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांमध्ये त्याच्या नेहमीच्या मात्रेनेही रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. हा संबंध 2014 मध्ये दक्षिण कोरियातील क्रोन्सच्या रुग्णांत लक्षात आला. युरोपीय लोकांत क्वचित आढळणारा हा बदल अमेरिकेतील मूळनिवासी वंशाचा वाटा असलेल्यांत अधिक दिसतो, आणि या औषधाआधी पूर्वीपासून होणारी टीपीएमटीची (हे औषध शरीरात निकामी करणाऱ्या विकराची) तपासणी तो पकडू शकत नाही. जावयांना हे औषध सुचवले गेले, तर पहिली गोळी घेण्यापूर्वी त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे दोन्ही तपासण्यांविषयी आवर्जून चौकशी करावी. औषध आधीच सुरू असेल तर ते स्वतःहून बंद न करता रक्तातील पेशींची मोजणी ठरल्या वेळी करून घ्यावी.