वाचकांचे प्रश्न : मोटारच्या सायकलला गिअर हब

प्रश्न : २८ इंची काळ्या सायकलला मी २५० वॅटची मोटार बसवली आहे. प्लेटवर ३०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आहे आणि पुढे ९ दाती स्प्रॉकेट (चेन बसते ती दात्यांची चकती). चेन डावीकडे, आऱ्यांवर आवळलेल्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते. चढाला मोटार तापते. मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा, पोटात तीन गिअर असलेला एडब्ल्यू हब (चाकाचा मधला भाग) टाकला तर चढ जमेल का?

उत्तर : आहे त्या जोडणीत नाही. आऱ्यांवरचं स्प्रॉकेट थेट चाकच फिरवतं. हबचे गिअर असतात उजव्या स्प्रॉकेटच्या आणि हबच्या कवचाच्या मध्ये. म्हणजे फायदा होईल तो फक्त तुमच्या पायांना. मोटारची चेन उजवीकडेच यायला हवी.

त्यासाठी हबवरचे स्पेसर (अंतर राखणारे वॉशर) काढून ३/३२ इंची, बाक दिलेली दोन स्प्रॉकेट उलटसुलट तोंडं करून बसवा : एक पायडलला, एक मोटारला. १/८ इंची चेन ३/३२ च्या दातांवर चालते, उलट मात्र चालत नाही. बाहेरची चेन फ्रेमच्या मागच्या चिमट्याला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघा.

मागे १८ दात घेतले तर तिसऱ्या गिअरला वेग ताशी २७ किमीच्या घरात, म्हणजे विजेच्या सायकलच्या २५ च्या मर्यादेपुढे जातो. २० दात घ्या : पहिल्याला साधारण साडेतेरा, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला २४. पहिल्या गिअरला चाकावरचा जोर दुसऱ्याच्या सव्वापट नव्हे, चांगला एक तृतीयांशाने जास्त मिळतो. चढ त्यातच निघतो.

क्रँकला फ्रीव्हील असलेला (चेन पुढे पळाली तरी पायडल थांबू देणारा) सेट घेणं टाळू नका. तो नसेल तर ४४ दाती चेनव्हीलवर पायडल मोटारीबरोबर मिनिटाला ६० फेरे मारत राहतात, आणि वळणावर सायकल कलली की खालचं पायडल रस्त्याला टेकतं.

हब घेण्याआधी रिमची भोकं मोजा. काळ्या सायकलच्या मागच्या रिमला बहुधा ४० असतात, बरेच हब ३६ चे येतात.

प्रश्न : असाच जुना हब मोटारवर चालवतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये खटकन सुटतो. मोटारचा जोर हबला झेपत नाही का?

उत्तर : झेपतो. मोटारचा चालता जोर हबवर साधारण १८ न्यूटन-मीटर पडतो. साठ किलोचा माणूस पायडलवर उभा राहिला तर ४५ पडतो. जुन्या एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल (कोणताच गिअर न लागणारी जागा) आहे आणि केबल ढिली असली की हब नेमका तिथे अडकतो. गिअर दुसऱ्यावर ठेवा, उजव्या नटाच्या भोकातून आत बघा : केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या दांडीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी अगदी सपाट दिसला पाहिजे. तसा दिसेपर्यंत केबल आवळा किंवा सोडा.

खरी झीज होते ती जोरात असताना गिअर बदलल्याने. पायडल मारताना पाय आपोआप सैल पडतो, मोटार मात्र ओढतच राहते. कट-ऑफवाल्या (दाबताच मोटारची वीज तोडणाऱ्या) ब्रेक लिव्हरला हलका स्पर्श करा, मोटार बंद पडली की गिअर बदला. ॲक्सलचे खाचेत बसणारे वॉशरही तपासा. ते नसतील तर ॲक्सल फिरतो आणि साखळी पिळली जाते. तेल पातळ मशीनचंच, चार थेंब. जाड ग्रीस भरलं तर आतले पॉल (स्प्रिंगवरच्या खिट्ट्या) चिकटतात.

प्रश्न : फवारणी पंपाचं पेट्रोल इंजिन सायकलला लावलं तर?

उत्तर : आधी इंजिन किती सीसीचं आहे ते बघा. २५० वॅट आणि ताशी २५ किमीची सूट आहे ती विजेच्या वाहनाला. पेट्रोल इंजिन त्यात बसत नाही, पण चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाचं इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तर मोटार वाहन कायदा त्याला मोटार वाहन धरत नाही. त्यापुढचं इंजिन रस्त्यावर नको.