कोरोनाकाळातल्या सरकारी निर्बंधांकडे बाजारपेठेतले व्यापारी कसे बघत होते?

तुम्ही विचारलंय की माणसं दगावत असताना व्यापाऱ्यांना दुकानं उघडायची एवढी घाई का होती. माझं सांगलीत कपड्यांचं दुकान आहे, तेव्हा मी आमच्या पेठेतलं सांगतो.

मार्च २०२०मध्ये बंदबद्दल कुणी कुरकुर केली नाही. आमच्याच जिल्ह्यात, इस्लामपुरात, एका कुटुंबाच्या गोतावळ्यात वीसहून जास्त रुग्ण निघाले होते. शटर उघडायची आमचीच छाती होत नव्हती. त्या वर्षीचा पाडवा बुडाला, तो आम्ही सोडून दिला. घरात म्हातारी माणसं सगळ्यांच्याच आहेत.

खटकलं ते २०२१चं. ४ एप्रिलच्या रविवारी बातम्या ऐकून पेठेत समज झाला की फक्त शनिवार-रविवार बंद राहणार. आदेश हातात आला तेव्हा कळलं, जीवनावश्यक सोडून सगळी दुकानं ५ तारखेच्या रात्रीपासून महिनाअखेरपर्यंत बंद. पाडवा आठ दिवसांवर होता. लगीनसराईचा माल आम्ही फेब्रुवारीतच भरतो, तोही बराचसा उधारीवर, पुढच्या तारखांचे चेक देऊन. दुकान बंद झालं म्हणून चेकची तारीख पुढे जात नाही. त्याच आदेशात ऑनलाइन कंपन्यांची घरपोच सेवा मात्र चालू होती. १४ एप्रिलच्या रात्रीपासून तीही जीवनावश्यक वस्तूंपुरतीच राहिली, पण मधले ते दिवस व्यापाऱ्यांच्या फार जिव्हारी लागले. माझ्या बंद दुकानासमोरून कपड्यांची पार्सलं जाताना मी बघितली आहेत. आजाराची भीती दोघांना सारखीच, मग बंदी एकालाच का, हा आमचा प्रश्न होता आणि तो रास्त होता असं मला आजही वाटतं.

मदत आली ती बहुतेक कर्जाच्या रूपात. बँकेचे हप्ते ऑगस्ट २०२०पर्यंत पुढे ढकलता आले, व्याज चालूच राहिलं. केंद्राच्या हमीवर वाढीव कर्ज मिळालं, त्यातून मी कामगारांचे पगार भागवले. त्याचे उपकार मी मानतो. पण ते फेडायचंच होतं. राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना १५०० रुपये जाहीर केले. माझ्या पायरीशेजारी रुमाल-मोजे विकणाऱ्या मावशींची नोंदणीच नव्हती.

जून २०२१मध्ये निर्बंधांचे पाच स्तर आले, बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा बघून. ही पद्धत मला पटली, कारण आकडा कळला की पुढचा अंदाज बांधता यायचा. अडचण वेळेची होती. तिसऱ्या स्तरात दुकान दुपारी ४ पर्यंत आणि शनिवार-रविवार बंद. नोकरदार गिऱ्हाईक येतं संध्याकाळी नाहीतर सुट्टीला. तास कमी केल्यावर जे येतात ते एकदमच येतात, म्हणजे जी गर्दी टाळायची तीच होते. त्यात जुलैअखेर कृष्णेचं पाणी पुन्हा शहरात शिरलं. २०१९च्या पुराचं नुकसान अजून भरून निघायचं होतं. ३ ऑगस्टपासून २२ जिल्ह्यांत दुकानं रात्री ८ पर्यंत खुली झाली; सांगली निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत होती. चिखल धुऊन दुकान लावायचं आणि चार वाजता शटर ओढायचं, असे ते दिवस होते.

१५ ऑगस्टपासून रात्री १० पर्यंत परवानगी मिळाली. अट एवढीच की दुकानात काम करणाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत. लसीची अट आम्हाला मनापासून मान्य होती. पण अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचं लसीकरण आपल्याकडे मे महिन्यात थांबलं होतं, ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. माझ्याकडे कामाला असलेली दोन्ही पोरं पंचविशीच्या आतली. पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून त्यांनी लस घेतली असती तरी दुसरा डोस सप्टेंबरच्या मध्याआधी मिळणार नव्हता. त्यांना घरी बसवून पगार द्यायचा की नियम मोडून कामावर घ्यायचं, हे त्या आठवड्यात पेठेतला प्रत्येक दुकानदार एकमेकाला विचारत होता. मी त्यांना घरी बसवलं आणि गल्ल्यावर बायको आली, तिचे दोन्ही डोस झाले होते.